कॉर्पोरेट रॉक

कॉर्पोरेट रॉक म्हणजे रेडिओवर चाललं पाहिजे एवढ्याच हिशोबाने बेतलेलं, ठरलेल्या साच्यातलं रॉक संगीत. हा शब्द जवळपास कायम तक्रारीच्या सुरातच वापरला जातो, म्हणजे कुठलाच बँड स्वतःला कॉर्पोरेट रॉक म्हणवून घेत नाही, ऐकणारे वैतागून म्हणतात. अमेरिकेत तो १९७० च्या दशकाच्या शेवटी रुळला, तेव्हा रोख जर्नी, फॉरिनर, स्टिक्स, आरईओ स्पीडवॅगन अशा बँडवर होता, आणि वीस-पंचवीस वर्षांनी तीच तक्रार जशीच्या तशी क्रीड, निकेलबॅक, थ्री डोअर्स डाऊन, हिंडर यांच्या नावाने झाली. ही नोंद बँडपेक्षा जास्त रेडिओबद्दल आहे, कारण नुसत्या बँडला शिव्या घालून हा प्रश्न कळत नाही.

साचा कसा असतो

२००० च्या आसपासचं अमेरिकन मेनस्ट्रीम रॉक स्टेशन तासभर ऐकलं की साचा पाठच होतो. सुरुवातीला हळू आवाजात एकटी गिटार, त्यावर घशातून खरवडून काढलेला जाडा आवाज, मिनिटभराच्या आत ड्रम्स आणि डिस्टॉर्शनसकट (म्हणजे गिटारचा मुद्दाम फाडलेला आवाज) कोरस, गाण्यात परत परत येणारा भाग, अंगावर येतो, परत हळू कडवं, परत कोरस, मग थोडा ब्रिज, म्हणजे मधला वेगळा तुकडा, शेवटी कोरस दोनदा, आणि साडेतीन-चार मिनिटांत खलास. गिटारची सगळ्यात जाड तार ई वरून डी वर उतरवलेली असते, याला ड्रॉप डी म्हणतात, त्यामुळे खालच्या तीन तारा एकाच बोटाने दाबल्या तरी भरदार पॉवर कॉर्ड निघतो आणि तेच बोट वरखाली सरकवत अख्खं गाणं होतं. शब्द बहुतेक वेळा बिघडलेल्या नात्याबद्दल, पण इतके मोघम की कोणालाही आपलेच वाटावेत.

यातलं कुठलंच तंत्र मुळात वाईट नाही हे आधी नीट सांगायला हवं. हळू कडवं आणि दणकट कोरस ही गोष्ट आपण पिक्सीज या बँडकडून घेतली असं खुद्द निर्व्हाना बँडच्या कर्ट कोबेनने सांगितलं होतं, आणि साउंडगार्डन या बँडने ड्रॉप डी वापरून केवढं वेगळं काम करून ठेवलंय. साचा वाईट होतो तो एकाच साच्यातून हजार गणपती काढून सगळ्यांना एकच रंग दिला की. त्यात रेकॉर्डिंगच्या मास्टरिंगमध्ये, म्हणजे आवाजावरच्या शेवटच्या कामात, हळू आणि मोठ्या आवाजातला फरक कॉम्प्रेशनने चेपलेला असतो, वर स्टेशनचा स्वतःचा प्रोसेसर तो आणखी चेपतो, म्हणजे कारमध्ये ऐकताना कडवं आणि कोरस जवळपास एकाच जोराने कानावर आदळतात, ज्या फरकावर त्या रचनेचा सगळा जीव आहे तोच उरत नाही.

आधी एफएम कसं होतं

हे सगळं रेडिओच्या रक्तातच आहे असं नाही. १९६० च्या दशकात अमेरिकेच्या एफसीसीने, म्हणजे रेडिओवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने, नियम केला की मोठ्या शहरांतल्या स्टेशनांनी एएमचाच कार्यक्रम एफएमवर नुसता परत वाजवायचा नाही, त्यामुळे मालकांकडे एकदम रिकामा वेळ आला आणि त्यात काय भरायचं हे कोणालाच ठाऊक नव्हतं. १९६७ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या केएमपीएक्सवर टॉम डोनाह्यूने फ्रीफॉर्म पद्धत आणली, म्हणजे डीजेने स्वतःच्या मर्जीने, स्वतःच्या कानाने गाणी निवडायची, अल्बममधलं आठ-दहा मिनिटांचं गाणं पूर्ण लावायचं, त्यापुढे ब्लूज लावायचं की सतार हे त्याचं त्याने बघायचं. लेड झेपेलिनचं स्टेअरवे टू हेवन हे आठ मिनिटांचं गाणं अमेरिकेत दुकानात सिंगल, म्हणजे एकट्या गाण्याची रेकॉर्ड, म्हणून कधी आलंच नाही तरी घराघरात पोचलं, ते अशा एफएममुळे.

मग एफएमवर पैसा दिसायला लागला. १९७० च्या दशकात ली अब्रॅम्स आणि केंट बर्कहार्ट या सल्लागार जोडीने सुपरस्टार्स नावाचा फॉरमॅट देशभरच्या स्टेशनांना विकला, त्यात संशोधन करून ठरवलेले थोडे लोकप्रिय बँड आणि त्यांचीच गाणी, आणि डीजेला निवडीची मोकळीक जवळजवळ नाही. स्टेशनं चालली, जोरात चालली, हे मान्य केलं पाहिजे. पण गाणं निवडणारा माणूस आणि गाणं लावणारा माणूस इथे वेगळे झाले, आणि माझ्या मते पुढच्या सगळ्या गोष्टी या एका फाट्यावरून फुटतात.

चीड तेव्हाच सुरू झाली होती. १७ डिसेंबर १९७७ ला एल्व्हिस कॉस्टेलो या इंग्लिश गायकाने सॅटर्डे नाइट लाइव्ह या अमेरिकन टीव्ही कार्यक्रमात ठरलेलं गाणं काही सेकंदांत थांबवलं आणि रेडिओवाल्यांवर टीका करणारं रेडिओ रेडिओ हे गाणं थेट प्रक्षेपणात वाजवलं, त्यानंतर त्या कार्यक्रमात त्याला १९८९ पर्यंत परत बोलावलं नाही. कॅलिफोर्नियाच्या एसएसटी रेकॉर्ड्सने ‘कॉर्पोरेट रॉक स्टिल सक्स’ (कॉर्पोरेट रॉक अजूनही भिकारच) असे स्टिकर आणि टी-शर्ट काढले, त्याच वाक्याची नक्कल करून कोबेनने १९९२ मध्ये रोलिंग स्टोन या मासिकाच्या कव्हरवर टी-शर्ट घातला, फक्त रॉकच्या जागी मासिकं लिहिलं.

एक गोष्ट मात्र या तक्रारीत नेहमी सुटते. बोस्टन या बँडला सरसकट कॉर्पोरेट म्हणतात, पण १९७६ चा त्यांचा पहिला अल्बम टॉम शोल्झने बराचसा स्वतःच्या घराच्या तळघरात, कंपनीला नीट पत्ता लागू न देता रेकॉर्ड केला होता. गुळगुळीत आवाज म्हणजे विकाऊ माणूस असं काही नसतं.

गाणी पास कशी होतात

रेडिओचं खरं गिऱ्हाईक श्रोता नाही, जाहिरातदार आहे, आणि श्रोता हा त्याला विकायचा माल आहे. श्रोते मोजणाऱ्या आर्बिट्रॉन कंपनीच्या मोजणीत पंधरा मिनिटांत निदान पाच मिनिटं स्टेशन ऐकलं तर ती पाव तासाची हजेरी धरली जायची, म्हणून प्रोग्रॅम डायरेक्टरची, म्हणजे स्टेशनची यादी ठरवणाऱ्याची, सगळी धास्ती एकाच गोष्टीची, की कोणी बटण दाबून दुसरीकडे जाऊ नये.

त्यासाठी कॉल-आउट रिसर्च नावाचा प्रकार असतो. लोकांना फोन करून गाण्याचा फक्त हूक, म्हणजे पाच-दहा सेकंदांचा सगळ्यात ओळखीचा तुकडा, ऐकवतात आणि विचारतात की ओळखीचं आहे का, आवडतं का, कंटाळा आलाय का. जुन्या गाण्यांसाठी हॉटेलच्या हॉलमध्ये लोक जमवून एका बैठकीत शेकडो हूक ऐकवले जातात आणि प्रत्येकाला मार्क द्यायला लावतात. आता यात काय होतं बघा. समजा एका गाण्यावर शंभरातले वीस जण जीव टाकतात आणि तीस जणांना ते सहन होत नाही, आणि दुसरं गाणं असं आहे की कोणाचं फार आवडतं नाही पण नावडतंही नाही, तर दुसरं पास होतं, कारण पहिल्याने तीस जण स्टेशन बदलतील. शिवाय नवीन गाणं ओळखीचंच नसतं त्यामुळे ते आधीच मागे, आणि जे हळूहळू उलगडतं त्याचा दहा सेकंदांचा हूक काढणार कुठून? म्हणजे ही पद्धत आवडती गाणी शोधतच नाही, ती न खुपणारी गाणी शोधते. लोकांना तेच हवंय असं स्टेशनवाले म्हणतात ते मला म्हणूनच पटत नाही, लोकांना काय हवंय हे कोणी विचारलेलंच नसतं, काय चालवून घ्याल एवढंच विचारलेलं असतं.

१९९६ चा कायदा

आधी एका कंपनीला देशभरात २० एएम आणि २० एफएम एवढीच स्टेशनं ठेवता यायची. ८ फेब्रुवारी १९९६ ला क्लिंटन यांनी टेलिकम्युनिकेशन्स कायद्यावर सही केली आणि देशपातळीवरची मर्यादा पूर्ण गेली, मोठ्या शहरात एकाच मालकाची आठपर्यंत स्टेशनं चालतील असं झालं. टेक्सासमधल्या सॅन अँटोनियोची क्लिअर चॅनल ही कंपनी चाळीसच्या आसपास स्टेशनांवरून काही वर्षांत साधारण १,२०० वर गेली. २००० मध्ये तिने एसएफएक्स ही कॉन्सर्ट भरवणारी कंपनीही घेतली, त्यामुळे गाणं वाजवणारे आणि बँडचे कार्यक्रम ठरवणारे एकाच छताखाली आले, मग तक्रार करायची बँडची हिंमत होणार कशी.

खर्च वाचवायला व्हॉइस ट्रॅकिंग आलं, म्हणजे दुसऱ्याच शहरात बसलेला डीजे आधीच बोलून ठेवतो आणि ते तुमच्या गावचा असल्यासारखं वाजतं. गावातल्या बँडने सीडी द्यायची तर देणार कोणाला, स्टेशनवर रात्री माणूसच नाही. कलाकारांच्या बाजूने काम करणाऱ्या फ्यूचर ऑफ म्युझिक कोअलिशन या संस्थेच्या २००२ च्या अहवालात दाखवलं होतं की फॉरमॅटची नावं वेगवेगळी असली तरी त्यांच्या याद्यांत तीच ती गाणी मोठ्या प्रमाणात येतात. २००८ मध्ये क्लिअर चॅनल कर्ज काढून विकत घेतली गेली, त्या कर्जाचा डोंगर पुढची दहा वर्षं हलला नाही, २०१४ मध्ये नाव बदलून आयहार्टमीडिया झालं आणि २०१८ मध्ये सुमारे २० अब्ज डॉलर कर्जासकट ती दिवाळखोरीच्या कोर्टात गेली. इतकं व्याज डोक्यावर असलेली कंपनी अनोळखी बँडवर जुगार खेळणार नाही हे उघड आहे.

या काळात गेलेली स्टेशनं लोक अजून आठवतात. वॉशिंग्टन भागातलं डब्ल्यूएचएफएस हे नव्या रॉकसाठी नावाजलेलं स्टेशन १२ जानेवारी २००५ ला दुपारी काहीही न सांगता स्पॅनिश संगीताचं झालं. ओहायोच्या ऑक्सफर्डमधलं ९७एक्स हे छोटं स्वतंत्र स्टेशन २००४ मध्ये एफएमवरून गेलं आणि मग इंटरनेटवर २०१० पर्यंत तग धरून राहिलं.

पैसे देऊन गाणी

गुपचूप पैसे घेऊन गाणं लावायला पेओला म्हणतात, १९६० मध्ये त्यावर कायदा झाला. मग मधले लोक आले. इंडिपेंडंट प्रमोटर नावाचा माणूस स्टेशनला वर्षाची ठरावीक रक्कम देणार, आणि स्टेशनने नवं गाणं यादीत घेतलं की रेकॉर्ड कंपनीला बिल लावणार. न्यू यॉर्कचे अॅटर्नी जनरल (राज्याचे मुख्य सरकारी वकील) एलियट स्पिट्झर यांनी चौकशी केल्यावर जुलै २००५ मध्ये सोनी बीएमजी या रेकॉर्ड कंपनीने १ कोटी डॉलर भरून प्रकरण मिटवलं, त्यात स्टेशनच्या लोकांना दिलेल्या सहली आणि वस्तू निघाल्या, आणि श्रोते असल्याचं भासवून फर्माईश करायला पैसे देऊन बसवलेले लोकही निघाले. मला या सगळ्यात हेच जास्त लागतं. फर्माईशीची लाइन ही श्रोत्याची एकमेव जागा होती, तीही विकली. २००७ मध्ये चार मोठ्या रेडिओ कंपन्यांनी एफसीसीशी १ कोटी २५ लाख डॉलरवर तडजोड केली आणि स्वतंत्र कलाकारांसाठी अर्ध्या तासाचे ८,४०० भाग द्यायचं कबूल केलं.

निकेलबॅक

कॅनडातल्या अल्बर्टामधल्या हॅना या छोट्या गावचा हा बँड या चिडीचा पुतळाच झाला. त्यांचं २००१ चं हाऊ यू रिमाइंड मी हे गाणं त्या दशकात अमेरिकन रेडिओवर सगळ्यात जास्त वाजलं. पुढे कोणीतरी ते एका कानात आणि त्यांचंच २००३ चं समडे दुसऱ्या कानात लावून इंटरनेटवर टाकलं, आणि कडवी, कोरस, थांबे सगळे एकमेकांवर असे बसतात की ऐकून हसू येण्याऐवजी खिन्न व्हायला होतं. पण ते चांगलं वाजवणारे, मेहनती लोक आहेत, आणि त्यांनी गाणी लिहिली, ती दिवसातून पन्नासदा लावली नाहीत. ती लावणाऱ्याचं नाव कोणाला माहीत नसतं म्हणून राग चेहरा दिसतो त्याच्यावर निघतो.

आपल्याकडे

भारतात रॉकवाल्यांचा रेडिओशी संबंधच कमी, मुंबई-पुण्यात हे संगीत कॅसेट, ऱ्हिदम हाऊससारखी दुकानं, टीव्ही चॅनल आणि इंडिपेंडन्स रॉकसारखे कार्यक्रम यांतून पसरलं. २००१ पासून खाजगी एफएम आलं, मुंबईत गो ९२.५ हे इंग्रजी गाण्यांचं स्टेशन काही वर्षं चाललं, पण पहिल्या टप्प्यात लायसन्स फी लिलावाने ठरलेली आणि दरवर्षी १५ टक्क्यांनी वाढणारी, त्यामुळे बहुतेक सगळ्यांनी खात्रीचा माल म्हणून नव्या हिंदी सिनेमाची गाणीच धरली. २००५ च्या दुसऱ्या टप्प्यात फी उत्पन्नाच्या ४ टक्के झाली तरी सवय गेली नाही, आणि मराठी बँडची मूळ गाणी तर अजूनही एफएमवर शोधावीच लागतात.

जिथून आवाज आला

ज्या ग्रंजची, म्हणजे निर्व्हाना, साउंडगार्डन अशा बँडच्या खरखरीत रॉकची, नक्कल करून पुढची दहा-पंधरा वर्षं रेडिओ रॉक चाललं ते ग्रंज घडत होतं तेव्हा त्याच्या पाठीशी सिअॅटलमधलं वॉशिंग्टन विद्यापीठाचं केसीएमयू हे छोटं स्टेशन होतं. तिथे साउंडगार्डनचा किम थायिल आणि मडहनीचा मार्क आर्म डीजे होते, सब पॉप कंपनी काढणारे ब्रूस पॅव्हिट आणि जोनाथन पोनमनही तिथे कार्यक्रम करायचे. कोबेन स्वतः निर्व्हानाचं पहिलं सिंगल तिथे देऊन आला होता, आणि मग रस्त्यावरच्या फोनवरून स्वतःच त्याची फर्माईश केली असं सांगतात. हे स्टेशन २००१ पासून केईएक्सपी नावाने चालतं, श्रोत्यांच्या देणग्यांवर, आणि तिथला डीजे कार्यक्रमाला बसताना पुढचं गाणं अजून स्वतःच ठरवतो.