रॅमचा सातबारा आणि रंगीत लाइटी

जूनमधल्या एका संध्याकाळी भाच्याचा फोन आला, "मामा, पीसी उठंना झालाय, बोर्ड गेला म्हणत्यात." राजारामपुरीतल्या एका दुकानात दाखवून आला होता, नवीन मदरबोर्डाचे नऊ हजार सांगितले होते आणि बहिणीनं पैसे द्यायची तयारीही केली होती. लाइटीचं सॉफ्टवेअर बोर्ड जाळतं असंही त्यानं कुठंतरी ऐकलं होतं. मी म्हटलं थांब, येतो.

बाहेर पाऊस लागलेला, टेबलावर कॅबिनेट उघडून ठेवलेलं. बटण दाबलं तर पंखे फिरायला लागले, दोन्ही रॅमच्या, म्हणजे पीसीच्या कामचलाऊ मेमरीच्या, काड्या इंद्रधनुष्यासारख्या रंग बदलायला लागल्या, पण स्क्रीन काळीच, आणि बोर्डाच्या कोपऱ्यात डीरॅम (म्हणजे रॅमच) असं छापलंय तिथं एक बारीक पिवळी लाइट अडकून बसलेली. दुकानदाराला वाटलं रॅम तर मस्त पेटतीय, म्हणजे दोष बोर्डाचा. चूक इथंच झाली, कारण रॅमवरच्या लाइटी आणि रॅमची मेमरी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, लाइटींना त्यांचा स्वतःचा छोटा कंट्रोलर असतो आणि त्याला वीज मिळाली की तो पेटतो, मेमरी चालो वा न चालो.

एक काडी काढली, दुसरी एकटीच लावली, पीसी चालू. मग ती काढून पहिली लावली, बंद. स्लॉट बदलून बघितलं, तेच. म्हणजे बोर्ड ठणठणीत होता.

आता त्या काडीला नेमकं झालं काय? प्रत्येक रॅमवर एक इवलीशी चिप असते, तिला एसपीडी म्हणतात, आणि मी तिला रॅमचा सातबारा म्हणतो. जमीन किती, कुणाची, पीक कुठलं हे जसं उताऱ्यावर असतं तसं ही काडी डीडीआर4 जातीची आहे का, किती जीबीची, किती स्पीडची, टायमिंग काय, हे सगळं त्या चिपवर लिहिलेलं असतं, डीडीआर4 मध्ये फक्त 512 बाइटमध्ये. पीसी चालू झाला की बायोस, म्हणजे बोर्डावरचा सुरुवातीचा प्रोग्रॅम, आधी हा उतारा वाचतं आणि मगच मेमरी सुरू करतं. उताराच खाडाखोड झालेला असेल तर बायोस काडीला ओळखतच नाही, मग तिच्यावरच्या मेमरीच्या चिपा कितीही चांगल्या असल्या तरी उपयोग नाही. आणि ही चिप वीज गेली तरी विसरत नाही, त्यामुळं बोर्डाचा सेल काढून ठेवला, सीमॉस क्लिअर केलं म्हणजे बायोसची सेटिंग पुसली, काहीही केलं तरी बिघाड तसाच राहतो, म्हणून तर लोक बोर्ड गेला असं धरून चालतात.

उतारा वाचायचा रस्ता म्हणजे बोर्डावरच्या दोन बारीक तारा, एक ठेका देणारी (क्लॉक), एक डेटाची. त्याला एसएमबस म्हणतात. 1982 साली फिलिप्सनं आयटूसी नावाची पद्धत काढली, तिच्यावर आधारून 1995 मध्ये इंटेलनं ही बस ठरवली. साधी, स्वस्त आणि हळू, मूळ वेग 100 किलोहर्ट्झ. रॅमचा खरा डेटा इथनं जातच नाही, तो 64 वेगळ्या तारांवरून जातो, सेकंदाला पंचवीस जीबीच्या आसपास, म्हणून लाइटी लावल्यानं गेम स्लो होतो ही भीती तेवढी सोडून द्या.

अडचण अशी की जेव्हा रॅमवर लाइटी आल्या तेव्हा त्यांच्या कंट्रोलरला नवीन तार कुठून आणणार, स्लॉटच्या पिना तर ठरलेल्या, मग कंपन्यांनी तो कंट्रोलर त्याच दोन तारांवर जोडला. म्हणजे ज्या गल्लीत तलाठी ऑफिस त्याच गल्लीत रोषणाईवाला, आणि रोषणाईवाल्याला सेकंदाला कितीतरी वेळा ये-जा करायची असते कारण रंग सारखे बदलायचेत. पत्ते वेगवेगळे आहेत, सातबाऱ्याच्या चिपांना 50 ते 57 असे हेक्साडेसिमल, म्हणजे सोळाच्या पायावर मोजायच्या पद्धतीतले, आकडे राखलेले आहेत, लाइटीला दुसरे, त्यामुळं लाइटीचं नीट लिहिलेलं एकच सॉफ्टवेअर चालू असलं तर सहसा काही होत नाही.

पण भाच्याकडं तीन चालू होती! एक बोर्डाच्या कंपनीचं, एक रॅमच्या कंपनीचं, आणि तिसरं टेंपरेचर दाखवणारं. तिघं एकाच माईकवर. गणपतीत मंडळाच्या स्टेजवर दोघांनी एकदम माईक धरला की काय होतं ते माहितंय ना, एकाचं अर्धं वाक्य आणि दुसऱ्याचं अर्धं मिळून तिसराच अर्थ ऐकू जातो. इथं त्याहून वाईट एक गोष्ट आहे. डीडीआर4 चा हा 512 बाइटचा उतारा 256 बाइटच्या दोन पानांत आहे आणि पान पलटायची आज्ञा सगळ्या काड्यांना एकदम लागू होते. एका प्रोग्रॅमनं पान पलटलं, दुसऱ्याला ते ठाऊक नाही, तो पहिलंच पान समजून काम करतो. नुसतं वाचत असेल तर चुकीचे आकडे दिसतील एवढंच, पण तेवढ्यात कुणी चुकीच्या पत्त्यावर लिहिलं की रंगाचा आकडा सातबाऱ्यावर जाऊन बसला. हे टाळायला हार्डवेअर मॉनिटर बनवणाऱ्यांनी आपापसात एक टोकन ठरवलंय, ज्याच्या हातात टोकन त्यानंच तारेला हात लावायचा, पण सगळी लाइटीची सॉफ्टवेअर ते पाळतातच असं नाही. चिपला कुलूपही लावता येतं, 128 बाइटच्या चार कप्प्यांना वेगवेगळं, पण सगळ्या काड्या कुलूप लावून येत नाहीत.

उद्यमनगरात माझा एक मित्र सीएनसी मशीनची कंट्रोल कार्डं दुरुस्त करतो, त्याच्याकडं ईईप्रॉम प्रोग्रॅमर, म्हणजे अशा चिपा वाचायचं-लिहायचं यंत्र, आहे. काडी घेऊन गेलो. त्यानं तारा जोडल्या, चांगल्या काडीचा आणि बिघडलेल्या काडीचा उतारा शेजारी शेजारी लावला, आणि मी स्क्रीनवर बोट ठेवून बघत होतो. दोन नंबरच्या बाइटवर डीडीआर4 साठी 0सी असावं लागतं, चांगल्या काडीवर होतं, बिघडलेलीवर तिथं एफएफ. पुढं अजून चार-पाच बाइट बदललेल्या, आणि 126, 127 वर जी तपासणीची बेरीज असते ती अर्थातच जुळत नव्हती. मित्र म्हणाला, "अरे लेका, जोडीचीच काडी हाय न्हवं, हिचाच उतारा तिच्यावर उतरवू की." उतरवला. सीरियल नंबर तेवढा दोन्हींचा सारखा झाला, त्यानं काही बिघडत नाही. रात्री साडेनऊला दोन्ही काड्या लावून पीसी चालू झाला तेव्हा बहिणीचा चेहरा बघण्यासारखा होता.

म्हणजे लाइटीचं सॉफ्टवेअर बोर्ड जाळतं का, तर नाही, पण तो जळल्यासारखा दिसेल असं करू शकतं, आणि चांगला बोर्ड भंगारात जातो याचं मला खरंच वाईट वाटतं. बोर्डावरचा स्वतःचा लाइट कंट्रोलर मात्र सॉफ्टवेअरनं मरू शकतो. ओपनआरजीबी हा फुकटचा प्रोग्रॅम बनवणाऱ्यांनी स्वतःच लिहून ठेवलंय की काम चालू असताना हार्डवेअर खराब व्हायचे प्रकार घडले, त्यातला एक बोर्डांवरच्या लाइट कंट्रोलरचा. शिवाय काही सॉफ्टवेअर त्या कंट्रोलरचं फर्मवेअर, म्हणजे त्याच्या आतला प्रोग्रॅम, अपडेट करतात, आणि आपल्याकडं वळवाच्या पावसात लाइट कधी जाईल सांगता येत नाही, तेव्हा यूपीएस नसेल तर ते अपडेट त्या दिवशी करूच नका.

अजून एक धोका आहे, तो हार्डवेअरचा नाही. या तारांपर्यंत पोचायला सॉफ्टवेअरला विंडोजच्या आतल्या थरात ड्रायव्हर बसवावा लागतो. हार्डवेअरपर्यंत पोचणाऱ्या गिगाबाइट या बोर्ड बनवणाऱ्या कंपनीच्या अशाच एका ड्रायव्हरमधला दोष 2018 मध्ये जाहीर झाला, आणि 2020 मध्ये सोफॉस या सुरक्षा कंपनीनं दाखवलं की रॉबिनहूड नावाचं रॅन्समवेअर, म्हणजे फायली अडकवून खंडणी मागणारा व्हायरस, तोच ड्रायव्हर वापरून अँटिव्हायरस बंद पाडतंय.

भाच्याकडं आता एकच सॉफ्टवेअर ठेवलंय, आणि बायोसमध्ये एसपीडी राइट डिसेबल असा पर्याय होता तो चालू केलाय. सगळ्या बोर्डांवर तो दिसत नाही, पण शोधा. उताऱ्याची कॉपी पेनड्राइव्हवर ठेवलीय.

बोर्ड खरोखर जळतो तो एलईडी लाइटीच्या पट्टीच्या प्लगनं. बोर्डावर लाइटीच्या पट्टीसाठी दोन जातीच्या पिना असतात, चार पिनांची 12 व्होल्टची आणि मधली एक पिन गाळलेली तीन पिनांची 5 व्होल्टची. 5 व्होल्टच्या पट्टीत प्रत्येक एलईडीमध्ये स्वतःची चिप असते, तिला 12 व्होल्ट दिले की पट्टी तर जातेच पण बोर्डावरचं सर्किटही सोबत जाऊ शकतं. प्लग नीट बसत नाही म्हणून जोर लावला, पिन वाकवली, किंवा एक पिन सरकून लावली की झालं. दुसरं म्हणजे लांबी. बहुतेक बोर्डांवर 5 व्होल्टची पिन 3 अँपिअरपर्यंतच देते, आणि नेहमीच्या पट्टीतला एक एलईडी पूर्ण पांढरा पेटला की साधारण 60 मिलिअँपिअर खातो, म्हणजे पन्नास एलईडीत हिशोब संपला, आणि दाट पट्टी मीटरला साठची मिळते. त्याहून लांब लावायची असेल तर पट्टीला वीज थेट पॉवर सप्लायवरून देणारा हब घ्या, आणि प्लग लावायच्या आधी मोबाइलच्या टॉर्चमध्ये पिनेशेजारी 12 छापलंय का 5 ते वाचा.