कोड पुसला, दिवा पुन्हा लागला

दहा-बारा वर्षं चाललेल्या पेट्रोल गाडीच्या डॅशबोर्डवर इंजिनाच्या चित्राचा पिवळा दिवा लागतो. गॅरेजवाला स्कॅनर लावतो, कोड पुसतो, दिवा जातो. आठवड्याभरात तो परत हजर! मग ऑक्सिजन सेन्सर बदलला जातो, मग प्लग, मग आणखी काहीतरी. यातला बराचसा पैसा एका गैरसमजापायी जातो. स्कॅनरवर आलेला कोड हे खराब झालेल्या भागाचं नाव आहे, असं आपण धरून चालतो. प्रत्यक्षात गाडीच्या संगणकाला, म्हणजे ईसीयूला, काय दिसलं एवढंच कोड सांगतो. ते का दिसलं, हे शोधायचं काम उरतंच.

हा दिवा मुळात इंजिनासाठी नाही, धुरासाठी आहे. सूर्यप्रकाशात गाड्यांच्या धुरापासून लॉस एंजेलिसचं विषारी धुकं तयार होतं, हे कॅलटेकमधल्या आरी हागेन-स्मित या रसायनशास्त्रज्ञाने १९५०च्या सुमारास दाखवून दिलं. त्यानंतर कॅलिफोर्नियात धुराचे नियम कडक होत गेले आणि गाडीने स्वतःच्या धुरावर स्वतःच नजर ठेवावी, ही अट आली. अमेरिकेत १९९६च्या मॉडेलपासून सगळ्या नव्या गाड्यांना ओबीडी-२, म्हणजे गाडीने स्वतःला तपासून बिघाड कोडने सांगायची पद्धत, सक्तीचं झालं. आपल्याकडे ते २०१३ पासून आलं. अमेरिकी नियमाचा ढोबळ निकष असा, की धूर ठरलेल्या मर्यादेच्या दीडपट होईल असा बिघाड दिसला तर दिवा लागावा. त्यामुळे पिकअप उत्तम, मायलेज नेहमीसारखं, तरी दिवा चालू, असं होऊ शकतं. उलट ब्रेक पॅड पार झिजले तरी याला त्याचा पत्ता नसतो.

कोड पुसल्यावर काही दिवस शांतता का असते? बहुतेक बिघाड एकदा दिसले की ईसीयू फक्त नोंद करून ठेवतो. पुढच्या फेरीतही (इंजिन चालू करण्यापासून बंद करेपर्यंत एक फेरी) तेच दिसलं तरच दिवा लावतो. शिवाय काही चाचण्यांसाठी इंजिन पूर्ण तापलेलं आणि वेग बराच वेळ स्थिर असावा लागतो. पुण्या-ठाण्याच्या ट्रॅफिकमध्ये तसा योग लवकर येत नाही, एवढंच. पुसण्यात मोठं नुकसान वेगळंच आहे. बिघाड नोंदवला त्या क्षणी इंजिन किती तापलं होतं, आरपीएम किती होते, भार किती होता, याची ‘फ्रीझ फ्रेम’ कोडबरोबर साठवलेली असते. तीही पुसली जाते. चोरीच्या जागेचा पंचनामा करण्याआधीच फरशी धुऊन टाकण्यातला हा प्रकार. मेकॅनिकने पुसायच्या आधी त्या आकड्यांचा मोबाइलवर फोटो तरी काढून घ्या.

आता जुन्या गाड्यांचा नेहमीचा पाहुणा, पी०१७१: मिश्रण लीन, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी. पेट्रोल नीट जळायला १ किलोला सुमारे १४.७ किलो हवा लागते. सायलेन्सरकडे जाणाऱ्या नळीतला ऑक्सिजन सेन्सर जळून उरलेला ऑक्सिजन पाहतो. झिर्कोनियाचा सेन्सर असेल तर ऑक्सिजन उरल्यास ०.१ व्होल्टच्या आसपास, न उरल्यास ०.९च्या आसपास वीज दाखवतो. त्यावरून ईसीयू पेट्रोल कमी-जास्त करत राहतो. ही दुरुस्ती किती टक्के चालली आहे ते ‘फ्युएल ट्रिम’ सांगतं. ती अनेक गाड्यांत २५ टक्क्यांच्या आसपास पोचली, की ईसीयू हात टेकतो आणि दिवा लावतो.

इथे खरी गंमत आहे. पेट्रोल पंप अशक्त असला तरी हाच कोड येतो, इंजेक्टर तुंबला तरी येतो, रबरी पाइप फाटून चोरून हवा आत शिरली तरी येतो. मिसफायरमध्ये, म्हणजे एखाद्या सिलिंडरमध्ये इंधन पेटलंच नाही तर, न जळलेला ऑक्सिजन तसाच बाहेर पडतो आणि सेन्सर प्रामाणिकपणे ‘लीन’ म्हणतो, पेट्रोल पुरेसं असूनही. असं असताना सगळ्यात आधी बदलला जातो तो सेन्सरच!

कारण वेगळं काढायला ट्रिम दोनदा पाहायचं: आयडलला, म्हणजे गाडी उभी आणि ॲक्सिलरेटर मोकळा असताना, आणि २५०० आरपीएमला. आयडलला ट्रिम खूप जास्त आणि रेस केल्यावर उतरत असेल, तर चोरटी हवा. कारण एकूण हवा कमी असताना तिचा वाटा मोठा असतो. भार वाढेल तसं ट्रिम चढत असेल, तर पेट्रोलचा पुरवठा कमी पडतोय. इंटरनेटवर हा नियम सरसकट सांगतात, पण तो येणारी हवा थेट मोजणाऱ्या एमएएफ सेन्सरच्या गाड्यांचा आहे. आपल्याकडच्या बऱ्याच छोट्या गाड्या मॅनिफोल्डमधल्या, म्हणजे इंजिनात हवा नेणाऱ्या नळीतल्या, दाबावरून हवेचा अंदाज घेतात. तिथे गळतीची हवा हिशेबात आपोआप धरली जाते, वाढीव पेट्रोलही पडतं, आणि लीन कोडऐवजी आयडलच चढलेलं दिसतं.

ई२०, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलचा विषय इथे निघतोच. इथेनॉलला जळायला हवा कमी लागते, १ किलोला सुमारे ९ किलो. त्यामुळे ई२०चं प्रमाण १३.५च्या जवळ येतं आणि साध्या पेट्रोलपेक्षा काही टक्के जास्त इंधन सोडावं लागतं. एवढं ट्रिम सहज सांभाळतं. पण आधीच एखादी गळती आणि अर्धवट तुंबलेला पेट्रोल फिल्टर असेल, तर ती थोडी भर सीमा ओलांडायला पुरते. दोष मात्र सगळा इंधनाच्या माथी मारणं मला पटत नाही.

पी०४२० हा खिसा कापणारा कोड: धूर शुद्ध करणारा कॅटलिटिक कन्व्हर्टर, म्हणजे कॅट, नीट काम करत नाही. कॅटलिटिक कन्व्हर्टरच्या आतला सिरियम ऑक्साइड ऑक्सिजन साठवतो आणि गरजेप्रमाणे सोडतो, म्हणून त्याच्या मागे बसवलेल्या दुसऱ्या ऑक्सिजन सेन्सरचा आलेख संथ असतो. साठवण कमी झाली, की मागचा आलेख पुढच्यासारखाच वरखाली होऊ लागतो. सायलेन्सरच्या जोडातली गळतीही असंच भासवू शकते, ती आधी तपासावी. कॅट खरोखर गेला असेल, तर तो कशाने गेला ते शोधल्याशिवाय नवा बसवू नये. मिसफायरचं न जळलेलं पेट्रोल त्याच्या आत जळून त्याला वितळवतं, आणि इंजिन ऑइल खात असेल तर त्यातला फॉस्फरस त्याच्यावर थर चढवतो. नवा कॅटही त्याच वाटेने जाईल. दिवा लुकलुकत असेल तर हे नुकसान आत्ताच चालू आहे. पाय हलका करून गाडी बाजूला घ्यावी.

दुरुस्ती झाल्यावर कोड पुसलाच पाहिजे असं नाही. ओळीने तीन फेऱ्यांत चाचणी व्यवस्थित पार पडली, की ईसीयू दिवा स्वतःच विझवतो; कोडची नोंद साधारण ४० वेळा इंजिन थंडचं गरम झाल्यावर निघून जाते.