गुलाल उतरतो कसा?

निकालाच्या दिवशी नव्या सरपंचावर जेसीबीतून गुलाल पडतो. कापसाची वेचणी आटोपेपर्यंत त्याच पारावर ऐकू येतं, "हाई तसाच निघाला ना बाप्पा!"

माणूस दरवेळी बदललेलाच असतो असं नाही. अमेरिकी राज्यशास्त्रज्ञ जॉन म्युलर यांनी १९७० साली राष्ट्राध्यक्षांच्या लोकप्रियतेचे, गॅलप या संस्थेच्या जनमत पाहणीतले आकडे तपासले. राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांच्या कामावर जून १९४५ मध्ये ८७ टक्के लोक खूश होते. फेब्रुवारी १९५२ मध्ये उरले २२. त्यांच्या काळात युद्ध झालं, महागाई झाली, हे खरंच. पण म्युलर यांना त्यापलीकडेही काही दिसलं: नुसता काळ सरला तरी पाठिंबा झिजतो.

ते म्हणाले, प्रत्येक निर्णय कुणाला तरी दुखावतो, आणि हे छोटे छोटे नाराज गट एकावर एक साचत जातात. आपल्या गावात पाहा. घरकुलाच्या यादीत ज्याचं नाव आलं, तो म्हणतो, हक्काचंच होतं. ज्याचं राहिलं, तो पाच वर्षं विसरत नाही. पुढे नालीचा उतार दुसऱ्याच्या दारात जातो, पांदण रस्त्यात तिसऱ्याचा धुरा येतो. समजा शंभरातले सत्तर सोबत होते. प्रत्येक निर्णयाने पाच तुटले आणि दोन नवे जुळले, तर सात निर्णयांत सत्तरचे एकोणपन्नास होतात. यात भ्रष्टाचार कुठेच नाही, नुसती वजाबाकी आहे. (भ्रष्टाचार असला तर वजाबाकी पळते, एवढंच.)

संकटात मात्र आलेख उसळतो. ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यानंतर राष्ट्राध्यक्ष धाकट्या बुश यांचा पाठिंबा ५१ टक्क्यांवरून ९० वर गेला. २००८ मध्ये तो २५ पर्यंत उतरला होता.

दुसरे अमेरिकी राज्यशास्त्रज्ञ जेम्स स्टिमसन यांनी १९७६ मध्ये वेगळ्याच गोष्टीकडे बोट दाखवलं: घोळ आधीच्या अपेक्षांत असतो. मत देताना संत्रावाल्याला उमेदवारात पाणी दिसतं, बेरोजगार पोराला नोकरी. सगळं एकाच माणसात मावत नाही, म्हणून निराशा येते. पण कार्यकाळाच्या शेवटी रेषा थोडी वर वळते, असंही त्यांना आढळलं.

आपल्याकडे गावपातळीवर गॅलप नाही. ग्रामसभेला आधी पुढे बसणारे आता दाराशी उभे राहतात का, एवढं पाहिलं तरी पुरतं. आणि पाचव्या वर्षी पांदणीवर मुरूम पडू लागला, की पारावरचा आवाज जरा उतरतो, "पाहू आता, करून तं राह्यला."