चढणीच्या माशाला पायरी किती उंच हवी?

मृगाचा पहिला जोरदार पाऊस झाला की निपाणी-चिकोडीकडे कुणीतरी हमखास सांगतं, "शेतात मासे पडले!" या माशांचा आभाळाशी काही संबंध नाही. ते वेदगंगा-दूधगंगेतून ओढ्यात आणि ओढ्यातून शेतात चढून आलेले असतात. आपल्या बोलीत त्यांना चढणीचे मासे म्हणतात ते उगाच नाही. गढूळ, गार लोंढा आला की मासा प्रवाहाच्या उलट निघतो. कल्ल्यामागून शेपटीपर्यंत गेलेल्या संवेदी रेषेनं त्याला पाण्याचा वेग कळतो. वर नव्यानं बुडालेल्या उथळ जागी अंडी घातली की पिलांना खाणं भरपूर आणि शत्रू कमी.

वाटेत बंधारा असतो. कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्याचे बरगे, म्हणजे पाणी अडवणाऱ्या फळ्या, पावसाळ्यात काढतात, तेव्हा गाळे मोकळे होतात. पण बरगे निघायच्या आत चढण सुरू झाली, तर मासे भिंतीखाली गोळा होतात आणि जाळी नेमकी तिथंच लागतात. अंडी घालायच्या आधीच मादी टोपलीत जाते, याचं मला फार वाईट वाटतं.

मग मासा चढतो किती? माशाच्या अंगात दोन तऱ्हेचे स्नायू असतात. कातडीखालचा लाल पट्टा तासन्‌तास पोहण्यासाठी, पांढरं मांस झेपेसाठी. पांढरे स्नायू काही सेकंदांतच दमतात, त्यांत लॅक्टिक आम्ल साचतं आणि माशाला बराच वेळ विसावा लागतो. झेपेचा वेग ढोबळमानानं सेकंदाला अंगाच्या लांबीच्या 10 पट. म्हणजे 15 सेंटिमीटरच्या माशाला सेकंदाला दीड मीटर.

आता पाण्याचा वेग काढू. पाणी जितके मीटर खाली उतरतं, त्या आकड्याला 19.6 नं गुणून वर्गमूळ घ्यायचं. 1 मीटरच्या उतरणीला वेग येतो सेकंदाला 4.4 मीटर. आपला 15 सेंटिमीटरचा मासा तिथं हरलाच. 10 सेंटिमीटरला येतो 1.4 मीटर, तो त्याला कसाबसा पेलतो. म्हणून 3 मीटरच्या भिंतीला 10-10 सेंटिमीटरच्या 30 पायऱ्या हव्यात आणि प्रत्येक पायरीवर दम खायला शांत डोह. सॅमनसाठी बांधलेल्या जिन्याचा नकाशा उचलून इथं चालणार नाही. सॅमन उडी मारतो, आपली सापासारखी लांब वाम तळ धरून जाते. तिला डोहांच्या भिंतीत तळापर्यंतची उभी फट हवी. जिन्याचं तोंडही भिंतीच्या पायथ्याशीच हवं आणि त्यातून ठळक धार यायला हवी, कारण मासा धारेच्या मागावर येतो. 50 मीटर खाली काढलेलं तोंड त्याला सापडत नाही.

घटप्रभेवरच्या धुपदाळच्या 1897 सालच्या बंधाऱ्याला मात्र माझं पहिलं मागणं जिन्याचं नाही. त्याच्या खालीच गोकाकचा 52 मीटरचा धबधबा आहे, तो चढून कुठलाच मासा वर येत नाही. तिथं सांभाळायचे ते वरचे मासे. पाण्याबरोबर ते कालव्यात शिरतात आणि आवर्तन संपून कालव्याचं पाणी बंद झालं की चाऱ्यांमध्ये, म्हणजे कालव्याच्या छोट्या फाट्यांमध्ये, तडफडून मरतात. कालव्याच्या तोंडाशी जाळी हवी, तीही प्रवाहाला तिरकी. आडवी लावली तर पाण्याच्या दाबानं पिलं तिलाच चिकटतात. तिरक्या जाळीच्या कडेनं ती सरकत जातात, आणि जाळीच्या टोकाला नदीत परत सोडणारी छोटी वाट ठेवली की झालं.