दुर्मिळ मेक्सिकन चित्रपटांचे संग्रहण

मेक्सिकन सिनेमाचा सुवर्णकाळ साधारणपणे १९३६ ते १९५६ असा मानतात. संग्राहकांचा जीव मात्र गुंततो तो त्याच्या आगेमागे बनलेल्या, कमी खर्चाच्या भयपटांत आणि सान्तो या मुखवटाधारी पहिलवानाच्या चित्रपटांत. हुआन बुस्तियो ओरो यांच्या ‘दोस मोन्खेस’मध्ये (१९३४) दोन साधू एकच घटना आपापल्या बाजूने सांगतात. जो सांगतो त्याचा पोशाख पांढरा आणि दुसऱ्याचा काळा. करड्या छटा उडालेल्या निकृष्ट प्रतीत या काळ्या-पांढऱ्या योजनेची सारी रया जाते, म्हणून चांगल्या प्रतीचा शोध हा केवळ हौसेचा भाग नव्हे.

२४ मार्च १९८२ रोजी मेक्सिको सिटीतील ‘सिनेतेका नासिओनाल’ या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाला आग लागली आणि हजारो चित्रपटांच्या प्रती जळाल्या. त्यामुळे अमेरिकेतील स्पॅनिशभाषक थिएटरांसाठी गेलेल्या प्रतींचे मोल फार वाढले. के. गॉर्डन मरे या अमेरिकन वितरकाने इंग्रजीत डब करून विकलेल्या आवृत्त्यांतून काही भयपट परदेशात पोचले, पण मूळ संवाद ऐकायचे तर स्पॅनिश प्रतच हवी.

१६ मिमी रुंदीच्या फिल्मची प्रत घेताना आधी लांबी मोजावी. बोलपटाची फिल्म मिनिटाला ३६ फूट धावते, म्हणजे ९० मिनिटांना ३,२४० फूट. रिळांची बेरीज २,८०० भरली तर सुमारे १२ मिनिटे गायब आहेत. कडेवरच्या कोडॅकच्या खुणांवरून कच्च्या फिल्मचे साल कळते, परंतु त्या २० वर्षांनी पुन्हा येतात. १९३८ आणि १९५८ची खूण एकच, तेव्हा निव्वळ तिच्यावर विसंबू नये. डबा उघडताच व्हिनेगरचा वास आला तर अॅसिटेट, म्हणजे फिल्मची मूळ प्लास्टिक पट्टी, कुजू लागले आहे. अशी फिल्म आक्रसते, प्रोजेक्टरच्या दात्यांवर छिद्रे फाटतात. ती इतर रिळांपासून वेगळी, थंड व कोरड्या जागी ठेवावी आणि लवकर स्कॅन करून घ्यावी. जुन्या ईस्टमन रंगीत प्रती गुलाबी पडतात. उडालेला रंग फिल्मवर परत आणता येत नाही.

फिल्म परवडत नसेल तर लॉबी कार्डे, म्हणजे थिएटरात लावायची जाहिरातीची छापील कार्डे, गोळा करतात. मेक्सिकन कार्ड सुमारे ३२ × ४२ सेंमी, म्हणजे अमेरिकन कार्डाहून मोठे. भोवती भडक रंगचित्र, आत प्रसंगाचा फोटो. एका संचात चित्र तेच राहते, फोटो बदलतो. फोटो वेगळा चिकटवलेला असल्यास तो त्याच चित्रपटाचा आहे ना, हे दुसऱ्या कार्डाशी ताडून पाहावे. फाटलेल्या कडेला चिकटपट्टी लावू नये. तिच्या डिंकाचा पिवळा डाग कागदात मुरतो.