एफडी केली म्हणजे कायम निधी झाला असं नाही
(सेवा क्लबांच्या नोंदणीकृत ट्रस्टसाठी माहितीपत्रक)

ऑडिटच्या दिवसांत कोषाध्यक्षांचा ठरलेला प्रश्न असतो: "एक लाखाची देणगी सरळ एफडीत टाकली, तरी ती उत्पन्नात का धरली?"

कायम निधी (कॉर्पस) म्हणजे मूळ रक्कम खर्च न करता राखून ठेवायचा निधी. रक्कम त्यातली आहे की नाही, हे देणगीदार ठरवतो. कार्यकारिणीचा मागाहून केलेला ठराव इथे कामाला येत नाही. पावतीवर नुसतं 'देणगी' असेल तर ते उत्पन्नच, आणि आयकरातली सूट टिकवायची तर उत्पन्नाचे ८५ टक्के त्याच वर्षी कार्यावर खर्च व्हावे लागतात.

समजा, बाकीचं उत्पन्न ४ लाख आणि खर्च ३ लाख ४० हजार. हिशेब बरोबर बसला. आता तो एक लाख उत्पन्नात आला की खर्च हवा ४ लाख २५ हजार. ८५ हजार कमी पडतात. ती रक्कम पुढे ठेवता येते, पण उद्देश ठरवून, ठराव करून आणि मुदतीत आयकर खात्याचा फॉर्म भरूनच. तीही जास्तीत जास्त पाच वर्षं.

म्हणून पैसे घेतानाच पावतीच्या स्थळप्रतीवर लिहून घ्या: 'ही रक्कम ट्रस्टच्या कायम निधीत जमा करावी', खाली देणगीदाराची सही आणि तारीख. मागच्या तारखेचं पत्र आम्ही (ट्रस्टचे हिशेब लिहिणारे) घेत नाही. काहींना हे कडक वाटतं, पण चौकशी झाली तर उत्तर विश्वस्तांनाच द्यावं लागतं.

घोळाचं मूळ बहुतेकदा खांदेपालटात असतं. रोटरी, लायन्सचं वर्ष १ जुलैला बदलतं, हिशेब मात्र ३१ मार्चला बंद होतो. नव्या कोषाध्यक्षांच्या हाती पासबुक येतं, पावतीपुस्तकं जुन्यांच्या कपाटात राहतात. पुस्तकं, देणगीदारांची पत्रं आणि एफडीच्या पावत्या यादी करून, दोघांच्या सह्यांनी सोपवा. २,००० रुपयांवरच्या रोख देणगीवर देणगीदाराला आयकराची (८०जीची) सवलत मिळत नाही, हेही नव्यांना सांगून ठेवा.

राखीव रक्कम किती ठेवावी? रुग्णवाहिका चालवत असाल तर चालकाचा पगार, विमा आणि दुरुस्ती धरून सहा महिन्यांचा खर्च हाताशी हवा, असं आमचं मत. ती रक्कम बँकेतच ठेवा. पतसंस्थेचं जास्त व्याज खुणावतं, पण बँक ठेवींना असलेलं ५ लाखांपर्यंतचं विमासंरक्षण तिथे नाही, शिवाय ऑडिटमध्ये शेरा येतो.

आमच्याकडे हिशेब लिहिणाऱ्या ट्रस्टना 'सर्वसाधारण' आणि 'कायम निधी' अशा दोन चौकटी छापलेलं पावतीपुस्तक आम्ही वेगळे पैसे न घेता देतो, आणि दर तिमाहीला स्थळप्रती तपासतो. इतरांनी निदान मार्चअखेरीआधी एकदा पुस्तकं दाखवून न्यावीत. सही राहिली असेल तर तेव्हाच कळतं.