सुसंगतता, स्पर्धक सेवांमधील

वापरणारे वाढले की सेवेचे मोल वाढते, अशा बाजारपेठेत एका पुरवठादाराच्या ग्राहकाला दुसऱ्याच्या ग्राहकाशी थेट व्यवहार करता येण्याची सोय. ‘आंतरकार्यक्षमता’ हा पर्यायही रूढ आहे. तो यंत्रांपुरता ठेवणे बरे.

संकल्पनेच्या उगमाविषयी मतभेद आहेत. काही अभ्यासक तो एटी अँड टी या अमेरिकन टेलिफोन कंपनीचे अध्यक्ष थिओडोर व्हेल यांच्यापर्यंत (१९०८ च्या सुमारास) नेतात. पण पलीकडे जोडणी नसलेला टेलिफोन निरुपयोगी, असे म्हणणाऱ्या व्हेल यांना सर्वांसाठी एकच जाळे हवे होते, आणि तेही स्वतःचे. अर्थशास्त्रज्ञ जेफ्री रोल्फ्स यांनी १९७४ मध्ये, वापरणारे वाढले की मोल वाढते, या परिणामाची गणिती मांडणी केली. तीतही विक्रेता एकच. स्पर्धकांमधील सुसंगतता हा स्वतंत्र प्रश्न अर्थशास्त्रज्ञ मायकेल कॅट्झ व कार्ल शापिरो यांच्या १९८५ च्या लेखापासून धरणे अधिक सयुक्तिक दिसते. त्यांच्या मते ज्याचे जाळे आधीच मोठे, त्याचा कल सुसंगततेच्या विरोधात असतो. लहानाला ती हवी असते. सर्वांनी मिळून मानक ठरवायचे तर नाखुशाचा नकार ते अडवू शकतो, एकट्याने अडॅप्टर (दोन विसंगत सेवा जोडणारे साधन) बसवायचा तर अडवू शकत नाही.

विसंगतीचा जवळचा दाखला सांगली जिल्ह्यातील मिरज जंक्शनचा. (तिथल्या रेल्वे काटेकोर अर्थाने स्पर्धक नव्हत्या, दाखला रुळांपुरता घ्यावा.) मीटरगेज आधीचे; बार्शी लाइट रेल्वेचा ७६२ मिमी.चा नॅरोगेज फाटा १९२७ मध्ये पंढरपूरकडून आला. १९७१ च्या सुमारास पुणे–कोल्हापूर मार्ग ब्रॉडगेज झाला आणि पुढे काही वर्षे मिरजेत तिन्ही रुंदीचे रूळ होते. पोते एका वाघिणीतून उतरवायचे, दुसरीत चढवायचे. हमालाची पाठ हाच अडॅप्टर. पंढरपूर–मिरज टप्पा २०१० च्या सुमारास ब्रॉडगेज झाला. त्यामुळेच ११ एप्रिल २०१६ रोजी मिरजेहून निघालेली पाण्याची गाडी वाघिणी न बदलता लातूरला पोहोचली.

योगायोगाने त्याच दिवशी मुंबईत यूपीआयचा आरंभ झाला. सांगलीच्या हळद बाजारात गल्ल्याशेजारी चिकटवलेल्या एकाच यूपीआय क्यूआर कोडवर आता कोणत्याही यूपीआय अ‍ॅपने पैसे देता येतात. वॉलेट कंपन्या मात्र बराच काळ आपापल्या कुंपणात होत्या. पूर्ण केवायसी झालेल्या वॉलेटना ही जोडणी रिझर्व्ह बँकेने २०२२ पासून सक्तीची केली. बड्या संदेशसेवांवर असे बंधन युरोपीय संघाने त्याच वर्षीच्या कायद्याने घातले.